मोठ्या पानाची भूक

२ मार्च
मोठा दिवस. आमच्या वाचनालयाच्या मुख्य ग्रंथपाल बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेल्या. जाताना सरळ माझ्या काउंटरपाशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या कुंड्यांना पाणी घालाल का?" एवढ्या स्टाफमध्ये मीच का? जुनी पुस्तकं शिवणारा आमचा बाइंडर म्हणतो, नळ माझ्या खुर्चीमागे आहे म्हणून. बाइंडर रसिक नाही.
शिवाय नुसतं "अहो". नाव नाही, आडनाव नाही! घरी ताईला सांगितलं. ती म्हणाली, पत्ता विचारताना रस्त्यावरच्या माणसालाही अहोच म्हणतात. थोरली बहीण घरात असली की आनंदावर विरजण घालायला बाहेरचं माणूस लागत नाही.

३ मार्च
कुंड्या तीन. खिडकीतल्या उन्हात दोन: लालबुंद पानांचा कोलियस आणि जाड, बारक्या पानांचं एक ठेंगणं झाड. तिसरी कपाटामागच्या कोपऱ्यात. तिच्यातली पानं सुपाएवढी, पातळ, गडद हिरवी.
बाईंनी फक्त पाणी घालायला सांगितलंय. पण शहाणी माणसं सगळंच उघड बोलत नसतात. संकल्प: बाई परत येतील तेव्हा झाडं ओळखूसुद्धा येता कामा नयेत.

४ मार्च
विज्ञानाच्या कपाटातून वनस्पतींवरचं पुस्तक काढलं. अर्धंच आहे. पुढची पानं निखळल्यामुळे बाइंडरकडे गेलीत. हरकत नाही, शहाण्याला अर्धं पुरे. मुद्दा असा की पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, ऊन म्हणजे इंधन, आणि हिरवा रंग म्हणजे स्वयंपाकी. शेवटचं वाक्य "मात्र सगळ्याच पानांना" इथे तुटतं. पुढे "ऊन आवडतं" असणार, दुसरं काय?

५ मार्च
सिद्धांत सापडला! मोठं पान, मोठी भूक. म्हणजे ज्याला खरी गरज आहे ते झाड कोपऱ्यात उपाशी, आणि बारकी मंडळी खिडकीत चैन करतायत. कोलियस तर तापून लाल झालाय. माणूस तापला की आपण त्याला सावलीतच नेतो ना?
दुपारी अदलाबदल केली. बाइंडरने विचारलं, बाईंनी सांगितलंय का. म्हटलं, काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

१० मार्च
कोलियसची लाली उतरतेय. नवं पान तर चक्क फिकट पोपटी. ताप गेला.

१३ मार्च
बाईंना फोन केला. ऑपरेशन नीट झालं. पाणी घालताय ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पाणी घालतोय आणि बरंच काही करतोय. त्या हसल्या. किंवा खोकल्या. लाइन खराब होती.

१६ मार्च
मोठ्या पानांवर सोनेरी झाक आलीय. जन्मभर घरात बसलेल्याला ऊन लागलं की वर्ण बदलणारच. कडा कुरकुरीत झाल्यात. कुरकुरीत म्हणजे ताजं.

१९ मार्च
ठेंगणं झाड आता ठेंगणं राहिलेलं नाही! दांडा सरसर वाढतोय, मान खिडकीकडे लांबवून. पानं मात्र एकमेकांपासून लांब लांब. बाइंडर म्हणाला, फिकट पडलंय, मान टाकलीय. मी म्हटलं, उंच माणसं जरा वाकूनच चालतात. आधाराला पट्टी बांधली.

२३ मार्च
मोठ्या झाडाचं एक पान गळलं. जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही.

२४ मार्च
आणखी गळली. नव्यांना फारच घाई झालेली दिसते.

२६ मार्च
बाइंडरने पुस्तक शिवून परत आणलं. वाचायला सवड नाही, नवा शर्ट घ्यायचाय. ताईने विचारलं, आता मध्येच शर्ट कशाला? म्हटलं, बाई कामावर येतायत. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, आण, इस्त्री मी करून देते. ताईचं मत बदलतंय.

२९ मार्च
मोठ्या झाडाला एकच पान उरलं. अगदी सहज, करमणूक म्हणून पुस्तक उघडलं.
"मात्र सगळ्याच पानांना कडक ऊन मानवत नाही."
पुढे लिहिलंय: सावलीतलं झाड पान रुंद आणि पातळ करतं, वाट्याला आलेला थोडासा उजेडही वाया जाऊ नये म्हणून. त्यासाठीच हिरवा रंगही ठासून भरतं. उन्हातलं पान लहान आणि जाड असतं, पाणी राखायला. आणि काही पानांतला लाल रंग म्हणजे उन्हाला धरलेला पडदा. सावलीत गेलं की पडद्याचं कामच उरत नाही.
लेखक बाइंडरचा नातेवाईक असावा.
कुंड्या जिथल्या तिथे ठेवल्या. पाणी दुप्पट घातलं.

१ एप्रिल, संध्याकाळी
बाई आल्या. काठी टेकत, हळूहळू. मी नव्या शर्टात काउंटरपाशी उभा. त्या तडक कपाटामागे गेल्या. उरलेल्या पानाला हात लावला तर ते हातातच आलं.
मी सगळं सांगितलं. भूक, ताप, सोनेरी झाक. बाई स्टुलावर बसल्या, पान मांडीवर ठेवून. शेवटी म्हणाल्या, मी इथे लागले तेव्हा हे एका पानाचं रोप होतं. आसपास कुठेच जगेना, या कोपऱ्यात जगलं.
मग मी पुस्तकात वाचलेलंही सांगितलं, पडद्याचं वगैरे. आधी वाचायला हवं होतं, असंही म्हटलं. हे मी कधी कोणाला म्हणत नाही.
त्यांनी बोटाने माती उकरून पाहिली. मग माझ्याकडे बघून अगदी मायेने हसल्या. इतक्या मायेने आजवर माझ्याकडे कोणी हसलं नव्हतं. म्हणाल्या, "मुळं शाबूत आहेत. जाऊ द्या, दादा."
दादा.
बाई माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठ्या आहेत.

२ एप्रिल
पाणी आता बाई स्वतः घालतात. झारी भरून देऊ का विचारलं. नको म्हणाल्या, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.
ताईने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, शर्ट चांगला आहे म्हणाल्या. ताई चहा करायला उठली. चहात साखर जरा जास्त पडली होती.
डोकं दुखतंय. उद्या रजा टाकावी म्हणतो.
नको. परत आलेली पुस्तकं बाइंडर घेईल, आणि मी आलो नाही हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही.