चिलीवाल्यायले हो म्हण

पुनर्वसन गाव, ता. पवनी
१२ फेब्रुवारी २०२३

प्रेरणाताई,

राम राम. आमी सारे मजेत, तूबी मजेत असशील, असं लिवा लागते म्हून लिवलो. शुक्रवारपर्यंत चिली देशातल्या दुर्बिणवाल्यायले जवाब द्याचा आहे, तं तुले कायची मजा!

भोजराजमामा पुण्याले जाऊन राहिले. त्यायच्यासंग सुके झिंगे पाठवतो. होस्टेलात दार लावून भाज, नाईतं पोलीस बलावतीन. फोनवर माय कान लावून असते, म्हून पत्र. आताबी बाजूलेच बसून सांगून राहिली, "लिव, भंडाऱ्याच्या कॉलेजात जागा निंगाली, घरी ये." मी मान हालवतो अन माह्यं लिवतो.

"येवढा येळ काहून लागते बे लिवाले?"

"जोडाक्षरं आहेत, माय."

एक कांड केलो. तुह्या जुन्या मोबाईलातून गाईड मॅडमचा नंबर काढलो, आवाज जाडा केलो अन म्हटलो, "सरपंच बोलून राहिलो. आमच्या पोरीचं पुढं काय?"

मॅडम म्हणे, "सरपंचसाहेब, मिसरूड फुटलं का तुम्हाला?"

हासल्या, पण सारं सांगतलं. पीएचडी त्यायच्या प्रश्नावर झाली. आता तुले आपला प्रश्न घेऊन दोन वर्षं परक्या दारात बसा लागते, मोठ्या दुर्बिणीवर तारे पाहाले आपल्या नावानं रात्री मिळवा लागते. मंगच कोनी पक्की नोकरी देते. एकदा सोडलं का परत शिराले लय जड. बाकी सगळ्यायनं नाई म्हटलं, हे चिलीवालेच एकटे हो म्हणून राहिले, हेबी त्यायनंच सांगतलं. तू तं मले सांगतली नाई.

तू म्हणते, दोन वर्षं इथं, तीन वर्षं तिथं, चाळिशीपर्यंत बिऱ्हाड पाठीवर. अवं, आपलं तं गावच धरणात गेलं! उठून दुसरीकडं चूल मांडाचं तुले कोन शिकवन?

तू बाबाचं इचारते तं मी गोष्ट फिरवतो. नागपूरच्या गॅरेजातून सुट्टीवर आलो म्हटलो होतो ना? थे सुट्टी दिवाळीपासून सरलीच नाई. बाबाले लकवा मारला, उजवा हात उठत नाई. डॉक्टर म्हणते, थोडा येईन. मायले वाटते, तू जवळ असली का सारं नीट होईन.

आमी दोघं रोज डोंग्यात जातो. बाबा समोर बसून हनुवटीनं दाखवते, तिकडं मी जाळं फेकतो. पयल्या दिवशी जाळ्याची दोरी मनगटाले बांधून फेकलो अन जाळ्यामांगं मीच पाण्यात! बाबा इतके हासले का डोंगा हालाले लागला. आता मासोळी निंगते, घर चालते. काल बाबा म्हणे, "प्रेरणा माह्या हातासाठी घरी आली, तं हा हात मले कापून टाकावा वाटन." मायले हे मी सांगतलो नाई.

आता माय म्हणे, वाचून दाखव. मी वाचलो, "जागा निंगाली, घरी ये."

थे मले पाहूनच राहिली. मंग म्हणे, "तिकडं थंडी असते का बे?"

चिलीचं नाव तं मी वाचलोच नोहतो.

"दुर्बीण पहाडावर आहे माय, असते."

उठली अन पेटी उघडली. झिंग्यायच्या गठ्ठ्यात गोधडी निंगन, थे मी नाई टाकली.

शुक्रवारची वाट पाहू नको. पत्र भेटलं का लगेच हो म्हण.

बाबाचा सध्याचा उजवा हात,
लिलाधर