‘काँच का कुआँ’, भाग दुसरा

मु. पिपरटोला, ता. सडक अर्जुनी
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही तिघं नागपुरात मजेत असाल. वहिनीची कंबर कशी आहे? मी चार दिवस माहेरी आले आहे. धान कापून झालं, वावरात पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले. गुरुवारी मळणीची मशीन येणार आहे. आईचं नेहमीचं चालू आहे, म्हणजे सगळ्यांवर ओरडणं.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘बोल लवकर’ म्हणतोस, आणि ही गोष्ट लवकर बोलण्यासारखी नाही.

दिवाळीला तुझी लेक भूमिका नवी कोरी कॉमिक्स घेऊन आली, तेव्हा मला किती बरं वाटलं! आणि मग जेवताना पोरीनं सरळ विचारलं, “आजोबा, तुम्ही पप्पांचे सगळे कॉमिक्स रद्दीत का दिले?” तू खाली मान घालून भात कालवत राहिलास. बाबा म्हणाले, “हो बेटा, देलो. चुकलाच माहा.” मी वाढत होते. मी तुला वरण वाढलं आणि पुढे गेले.

तुला कोहमाऱ्याचा ढाबा आठवतो ना? बाबा सायकलवर दुधाची कॅन घेऊन जायचे आणि तू मागे बसायचास. ट्रकवाले वाचून झालेली कॉमिक्स खाटेवरच टाकून जात. एखाद्यावर तेलाचे डाग, एखाद्याचं कव्हर गायब. तू ती घरी आणून सुईदोऱ्यानं शिवायचास. एकूण त्रेसष्ट होती. ‘जासूस गुलेल’ची वेगळी थप्पी, ‘रानी बवंडर’ची वेगळी. संध्याकाळी तू अंगणात मोठ्यानं वाचायचास आणि हिंदीचं आपल्या बोलीत करून मला सांगायचास. बाबा तेव्हा म्हैस दोहत असायचे.

मग मी रानी बवंडरला पेनानं मिशा काढल्या. (अजूनही म्हणते, तिला शोभत होत्या.) तू असा भडकलास, की त्याच आठवड्यात मिळालेला ‘काँच का कुआँ’चा दुसरा भाग तू एकट्यानं, मनातल्या मनात वाचलास. पहिल्या भागात गुलेल विहिरीत लटकलेला, वरून दोर कापला जातोय, खाली मगर! मी रडले, पाया पडले. तू म्हणालास, “नाई सांगत. मर.”

दादा, तुझी कॉमिक्स बाबांनी रद्दीत दिली नव्हती. मी नेली होती.

आईच्या जुन्या लुगड्यात बांधून ते बोचकं मी पुंजण्यात खोल खुपसलं. दोन दिवस तुला रडवायचं आणि मग परत द्यायचं, एवढंच मनात होतं. पण दुसऱ्याच दिवशी आई मला मामाकडे घेऊन गेली. आम्ही परत आलो तेव्हा मशीन येऊन गेली होती. खळ्यावर बाबा एकटेच सूप घेऊन बसलेले. धानात लाल, निळे, पिवळे तुकडे होते. ते एकेक वेचत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला काहीही विचारलं नाही. तू शाळेतून आल्यावर कॉमिक्सची पेटी उघडलीस, घर डोक्यावर घेतलंस, तेव्हा तेच म्हणाले, “रद्दीवाल्याले देलो मी. अभ्यास कर.”

दुसऱ्या दिवसापासून तू सायकलवर मागे बसला नाहीस. मग गोंदियाचं हॉस्टेल, मग नोकरी. सव्वीस वर्षं तू बाबांशी फक्त कामापुरतं बोलतोस आणि मी ते बघत आले. आधी मार खायची भीती होती. नंतर लाज वाटायला लागली. खरं सांगू? तू माझा लाडका भाऊ, दर भाऊबीजेला येतोस, ते सुटेल असं वाटायचं.

काल मी बाबांना सांगितलं, की दादाला सगळं लिहिते. ते म्हणाले, “कायले लिवतेस? तो नाराज होईन तुह्यावर. माह्यावर तं आहेच.”

मी म्हटलं, “पण तुम्ही काऊन खोटं बोलले जी?”

“तुमी दोघं भाऊबहीण. तुमचं तुटलं असतं तं जोडाले कोण होता? बापावर तं पोरगा रागावतेच.”

मी तिथेच रडायला लागले. ते उठून गोठ्याकडे गेले आणि दारातून परत फिरले. म्हणाले, “लिवूनच रायली आहेस तं त्याले एक इचार. तो गुलेल विहिरीतून निंगाला का?”

दादा, ते म्हैस दोहता दोहता सगळं ऐकायचे रे! दुसऱ्या भागात काय झालं, ते या घरात फक्त तुला माहीत आहे. गुरुवारी जमलं तर ये. नाहीच जमलं तर फोन कर. आईला नाही, बाबांना कर. आणि त्यांना सगळं सांग, आपल्या बोलीत, सावकाश. माझ्याशी नंतर बोल, किंवा बोलू नकोस.

तुझ्या सव्वीस वर्षांच्या रागाची खरी मालकीण,
योगेश्वरी