ढगोबाची दुर्बीण

तीर्थस्वरूप मामांना,

सारखं वर बघून मान आखडलेल्या भाच्याचा, जमेल तेवढा वाकून साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची तक्रार अजून आमच्यापर्यंत आलेली नाही, येऊही नये.) तुमचा खोकला गेला का, परसातल्या वांग्यांना फुलं धरली का, सगळं सविस्तर कळवा. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे होतं. मग मी दुर्बीण घेतली.

तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "दुर्बीण कसली घेतोस, त्यापेक्षा बरीशी छत्री घे." तेव्हा मी हसलो होतो. मामा, खोकं घरात आलं त्या दिवसापासून आमच्या डोक्यावरचं आभाळ बंद आहे. संध्याकाळी ऑफिसातून धावत यायचं, गच्चीवर तिपाई मांडायची, नळी चढवायची, भिंगं पुसायची आणि वर बघायचं, तर ओली गोधडी पसरल्यासारखे ढग! निमूट सगळं खोक्यात भरून खाली आलो की आभाळ लख्ख. पुन्हा वर नेलं की पुन्हा गोधडी. शेवटी अगदीच फुकट जायला नको म्हणून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पाहिली. ती उलटी दिसली. (या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, ती बिघडलेली नाही. हिला मात्र ते पटत नाही. टाकी उलटी आहे तर पाणी कसं सांडत नाही, एवढं सांगा, म्हणते.)

आता आमच्या मंडळाविषयी. मंडळ म्हणजे फोनवरचा ग्रुप. गावोगावची माणसं आहेत, बहुतेकांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही, पण शुक्रावरून आम्ही सख्ख्या भावंडांसारखे भांडतो. प्रमुख एक दंतवैद्य आहेत. (दिवसभर दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात खाली बघायचं आणि दिवस मावळला की स्वतःचं तोंड उघडं टाकून वर बघायचं, असं त्यांचं आयुष्य.) सगळी विज्ञाननिष्ठ माणसं. राशिभविष्याचं नुसतं नाव काढा, ग्रुपातून हकालपट्टी. पण याच माणसांची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा आहे: नवी दुर्बीण आली की ढग येतात. मला आधी ती थट्टाच वाटली. (मांजर आडवं गेलं की तुम्ही माघारी फिरता, म्हणून मी तुम्हाला केवढं व्याख्यान झोडलं होतं! त्या मांजराला माझा नमस्कार सांगा.) आता ग्रुपात माझं नाव ढगोबा पडलंय. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी विचारतं, "ढगोबा, खोकं बंद आहे ना?" एका बाईंच्या कुंड्या सुकत होत्या. त्यांनी मला गुपचूप निरोप धाडला, जरा अर्धा तास नळी बाहेर काढता का? म्हटलं, शेजारधर्म. (त्यांचं गाव इथून दिवसभराच्या वाटेवर.) दुसऱ्या दिवशी भिजलेल्या कुंड्यांचा फोटो आणि खाली आभार!

खरी पंचाईत पुढेच आहे. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी सूर्यग्रहण. ते आमच्या गावातून चांगलं दिसणार म्हणून अख्खं मंडळ इथे, दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या गच्चीवर, पहिल्यांदाच एकत्र जमणार आहे. मामा, मला तिथे जायचंच आहे. मी दिवसभर तळघरातल्या ऑफिसात विम्याचे दावे तपासतो. तिथे खिडकी नाही, भिंतीवर खिडकीचं चित्र आहे. आणि ही पहिलीच माणसं अशी भेटलीत, की मी चंद्राबद्दल बोलायला लागलो तर घड्याळाकडे बघत नाहीत. पण सर्वानुमते ठराव झाला: ढगोबांनी अवश्य यावं, दुर्बीण मात्र त्या दिवशी गावाबाहेर असावी.

असो. मामींना नमस्कार, वांग्यांना शुभेच्छा.

तुमचा आभाळाला पारखा झालेला,
भाचा

ता. क. तुमचा माळा रिकामाच असतो ना? खोकं तसं लहान आहे. (आडवं ठेवलं तर मामींएवढं. हे त्यांना वाचून दाखवू नका.)

ता. क. २. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, खोकं माळ्यावर ठेवून भागायचं नाही. रविवारी सकाळी दुर्बीण अंगणात मांडा आणि आभाळाकडे रोखून ठेवा, म्हणजे इकडचे सगळे ढग तिकडे येतील. ही सूचना दंतवैद्यांची. वांग्यांना आयतं पाणी मिळेल. ग्रहण तुम्हाला दिसणार नाही, पण तुम्हाला कुठे त्याची हौस!

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईचा फोन आला. तुम्ही ग्रहणाचे काळे चष्मे आणलेत म्हणे, एक तुमचा, एक मामींचा. आणि भाचा हसेल म्हणून ते कपाटात, स्वेटरांच्या खाली दडवून ठेवलेत. मामा, अहो, एका शब्दाने बोलायचं होतं! मी कशाला हसू? (हसलो असतो. पण मग रडूही आलं असतं, तसं ते आत्ता आलंच.) वरचे दोन्ही ता. क. खोडलेत असं समजा. ग्रुपावर कळवून टाकलंय: दुर्बीण कुठेही जाणार नाही, ग्रहण मी माझ्या मामांबरोबर माझ्याच गच्चीवर बघणार, मला वगळा. मग दंतवैद्यांनी लिहिलं, "मग आम्हीच तुमच्या गच्चीवर येतो. ढगच बघायचे, तर मामांच्या संगतीत बघू." तेव्हा मामींना घेऊन शनिवारीच या. दुर्बिणीवर बसवायची सूर्याची काळी चकती मी आणली आहे, पहिला मान तुमचा. चष्मे विसरू नका.

आणि छत्री. दोन असतील तर दोन्ही.