नंबर खरवडलेले ट्रान्झिस्टर

मी रुग्णालयात असताना माझा भाचा हितेंद्र याने माझ्या ट्रान्झिस्टरच्या बरण्या भंगारवाल्याला दिल्या. मी जिवंत असताना हे होते, तर मी गेल्यावर काय होईल हे समजायला बी.एस्सी. लागत नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, शांता दौलत पाटकर, वय ६९, अविवाहित, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार लालबाग, मुंबई, हे स्वतःच्या समजुतीने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात कोणी नाही.

१. माझी खोली, व चाळीच्या पुनर्विकासानंतर तिच्या बदल्यात मिळेल ती जागा, हितेंद्र अजित पाटकर याला मिळावी. मी त्याच्यावर रागावले आहे. राग आणि वारसा यांची मी गल्लत करत नाही.

२. बरण्यांविषयी. मी घरी डिस्टॉर्शन पेडल बनवते, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने दाबायची पेटी. तिचा जीव जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या वाटाण्याएवढ्या सुट्या भागांत, असतो. ते आता सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्यांतले मोजकेच कामाचे निघतात. ते कानानेच निवडावे लागतात. निवडलेल्यांवरचे नंबर मी ब्लेडने खरवडून टाकत असे, कोणी नक्कल करू नये म्हणून.

हितेंद्र म्हणाला, "आत्या, एकावरही नंबर नव्हता गं. मला वाटलं, मेलेले आहेत."

"माझ्यावरही नंबर नाही. मलाही द्यायचंस."

तो हसला नाही. मीही नाही.

३. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान असलेल्या रघुवीरने एके काळी माझे पेडल उघडून आतली मांडणी उतरवली व तशीच पेडल स्वतःचे स्टिकर लावून विकली. खरवडणे तेव्हापासूनचे. त्याला माझे लाल पेडल द्यावे. त्याचे आतले सगळे भाग मी काळ्या रेझिनमध्ये बुडवून घट्ट केले आहेत. खुशाल उघडून बघावे.

४. सोल्डरिंग आयर्न, मीटर, छोटा स्पीकर, टेबल आणि तयार असलेली बाकी सर्व पेडल मेघना वैद्य, राहणार गिरगाव, हिला मिळावीत. ती गिटार वाजवते आणि पेडल दुरुस्तीला माझ्याकडे आणते. पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारले, "मावशी, दुपारी हे इतकं घोगरं का होतं?"

"जर्मेनियम तापतं. तू उन्हात उभी राहून गा, मग सांग."

दुसऱ्या खेपेला ती पेडल ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. तेव्हाच ठरवले, टेबल हिचे.

मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. चाचणीसाठी एकच तार छेडते, पुन्हा पुन्हा. शेजारचे सौमित्र एकदा भिंतीपलीकडून ओरडले, "शांताताई, पुढचा सूर कधी?" मेघना येते तेव्हा या खोलीत पुढचा सूर लागतो. ती दुरुस्तीपुरती येते. त्यात तिची चूक नाही.

५. माझा भाऊ अजित याचे पेडल. लालबागच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा तेव्हा त्याच्यासाठी बनवले. मी बनवलेले ते पहिले. पुढे तो कुवेतच्या एका हॉटेलात वाजवायला गेला. तिथून फोन आला, "ताई, इथल्या एसीत तुझी पेटी किरकिरते."

"मी ती लालबागच्या उकाड्यावर लावलीय. परत ये, नीट वाजेल."

पेटी परत आली, पार्सलने. तो तिथेच वारला. मी ती कधी उघडली नाही.

आता मेघनाचे पेडल माझ्या टेबलावर बंद पडले आहे. शनिवारी तिचा दादरला कार्यक्रम आहे. बरण्या गेल्या. तिने सुचवले, "मावशी, सिलिकॉनचे टाका ना, ते बाजारात मिळतात."

"मग मिक्सरच वाजव."

तिच्या पेडलला जुळणारी ट्रान्झिस्टरची जोडी फक्त अजितच्या पेटीत उरली आहे. पेटीचा स्विच आणि जॅक गंजून गेले आहेत, ती आता वाजणार नाही. मेघना म्हणाली, "राहू द्या मावशी, भावाची आठवण आहे."

"गंजलेला जॅक म्हणजे भाऊ नव्हे. टॉर्च धर."

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. प्राची सामंत यांनी करावी. शोकसभा घेऊ नये. बोलायला कोण येणार, हा प्रश्न इतरांवर टाकायचा नाही.

सही: शांता दौलत पाटकर
साक्षीदार: सौमित्र रेडकर, शेजारी
साक्षीदार: डॉ. रुचा नाईक
लालबाग, मुंबई. १७ ऑक्टोबर २०२४

सहीनंतर लगेच दिलेल्या वस्तूंची नोंद

मेघना वैद्य हिला: तिचे पेडल, अजितच्या पेटीतले दोन ट्रान्झिस्टर बसवून. इथेच वाजवून पाहिले. चालू आहे. मिळाले, मेघना.

हितेंद्र पाटकर याला: वडिलांची पेटी देऊ केली. म्हणाला, "रिकामी घेऊन काय करू, आत्या?" घेतली नाही.

पेटी माझ्याजवळ आहे.