टेबलावरचा किनारा

११ एप्रिल १९४४
आज सार्जंट म्हणून रुजू झालो. लष्कराने ताब्यात घेतलेली हवेली झकास आहे. बिलियर्डच्या खोलीत भलंमोठं टेबल, त्यावर मी फ्रान्सचा एक किनारा उभारायचा, आपले जवान जिथे उतरणार तो. आजवर लग्नाचे केक सजवले. आता प्लास्टरची वाळू, आगकाड्यांचे अडथळे, रंगवलेला समुद्र. गावाचं नाव सांगत नाहीत, नुसता आकडा. जोडीला आयव्ही टॅरंट, तिचा हात माझ्याहून हलका. चहा गरम, पलंग कोरडा. आणखी काय हवं?

१९ एप्रिल
सकाळी रंगवलेला समुद्र ओला होता. वाळूत बोटभर लांबीचा चर पडलाय, काठाला समांतर. प्लास्टर कच्चं राहिलं असेल. बुजवला.

२४ एप्रिल
तोच चर, तिथेच. पाणी चाखलं, खारट. आयव्ही म्हणाली, छप्पर गळत असेल तर वर मासेही असतील, बघून या. आमचे वरिष्ठ मेजर क्रूडसन, त्यांना सांगितलं. विमानातून काढलेल्या फोटोंत चर नाही म्हणजे किनाऱ्यावरही नाही, असं त्यांनी ठणकावलं. बुजवा म्हणाले.

९ मे
आजवर बारा वेळा बुजवला. आज जवानांची तुकडी किनारा पाठ करायला आली. त्यांच्यात डन्स्टन येओ, डेव्हनच्या किनाऱ्यावरचा कोळी. चर पाहून तो टेबलावर वाकला. मग म्हणाला, "सार्जंट, होडी या चराच्या अलीकडच्या उंचवट्यावर टेकणार. आम्ही उड्या मारणार, आणि दोन पावलांवर पुरुषभर पाणी. पाठीवर हे एवढं ओझं. वरच्या साहेबांना ठाऊक आहे ना?"
मी हो म्हणालो. खोटं बोललो.

१० मे
लेखी कळवलं. मेजरनी कागद परत केला. हजारो होड्यांचं वेळापत्रक ठरलंय, एका केकवाल्यासाठी ते मोडायचं का, असं विचारलं. उत्तराची वाटही पाहिली नाही.

२३ मे
चरात बोट घातलं, मग हात. कोपरापर्यंत गेला. टेबल जेमतेम चार इंच जाड. वाकून खालून पाहिलं, लाकूड कोरडं. आयव्हीला दाखवलं. तिने दुपारीच बदली मागितली.

२ जून
येओला लिहिलेलं पत्र न उघडता परत आलं. हल्ला जवळ आला म्हणून छावण्या तारेआड बंद. मेजर भेटत नाहीत. तीनदा गेलो. तीनदा हाकललं.

५ जून
बादलीभर प्लास्टर ओतलं. सगळं खाली गेलं. कुठे—

६ जून, सकाळ
रेडिओ म्हणतोय, आपले जवान फ्रान्सला उतरतायत. टेबल थरथरतंय. चरात बुडबुडे. उजवा हात खांद्यापर्यंत आत, डाव्याने लिहितोय. कुणीतरी मनगट धरलंय. मला आत ओढत नाही, वर यायला बघतंय. जड आहे, फार जड— आणखी एक हात— आता बोटंच बोटं—

मेजर दारात. म्हटलं, या, धरा. ते पाहतायत, मागे सरतायत— जाऊ दे. पेन्सिल सोडतो, दुसरा हातही घाल—