चुलीचे माप

सोलापूर,
मार्गशीर्ष शु. ५, शके १८५४

राजमान्य राजेश्री कमलाकरपंत, मुक्काम करमाळा, यांसी आपले मेहुणे शरच्चंद्र यांचे कृतानेक नमस्कार. आपल्या संधिवाताचे वर्तमान सविस्तर कळवावे. आपल्या भगिनी सौ. मालती तेथे आल्यापासून आपले वजन वाढल्याचे ऐकतो. माझे त्याच प्रमाणात घटले असल्याने उभय कुटुंबांची बेरीज कायम आहे.

पूर्वपीठिका आपणांस एकाच पक्षाकडून कळली असेल. स्वयंपाकगृहाचा जीर्णोद्धार होऊन त्यास धुराडे लाभावे आणि आपल्या भगिनींचे नेत्र धूम्रबाधेतून मुक्त व्हावेत, या सद्हेतूने मी जुनी चूल व तिच्यामागील भिंत पाडविली. (त्याच भिंतीवर न्हाणीही विसंबून होती, हे न्हाणी पडल्यावर ध्यानी आले.) तेव्हा त्यांच्या सांत्वनार्थ मी अपरिग्रहाच्या महतीवर अर्धी घटका निरूपण केले. ते ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "मग तुमचा वानप्रस्थ तुम्ही एकट्यानंच करा. चूल पेटली की मला बोलवा." आणि दुसऱ्या दिवशीची मोटार गाठली.

वानप्रस्थ उत्तम चालला आहे. पाकसिद्धी ग्रंथांच्या खोलीत शेगडीवर होते. भात तळाशी कृष्णवर्ण, मध्ये गौरवर्ण आणि माथ्यावर तांदूळ, असा त्रिगुणात्मक निष्पन्न होतो. स्नान अंगणात, दोरीवर टांगलेल्या चादरीआड. परवा गंगेच्या आवाहनापर्यंत आलो असता शेळीने ती चादर ओढून नेली. शेजारीण अक्कम्मा आपल्या ओसरीत मागावर बसली होती. मान न वळवता ती ओरडली, "मास्तर, दम धरा की! दुसरी विणून देते!" (एका चादरीस दोन दिवस लागतात, असे चौकशीअंती कळले.)

आता बिरप्पा गवंडी. तो नित्य येतो, विटांच्या राशीवर बसून तंबाखू मळतो आणि जातो. त्याचा सिद्धान्त अचल आहे: "चूल घरच्या बाईनं घालायची, आपल्या वितीच्या मापानं. तिच्यावर धुराडं मी चढवतो. चुलीबिगर धुराडं कुटं टेकवू?" मी प्रतिपादिले की चुलीस कर्त्याचे लिंग कळत नाही, आणि स्वतःच्या वितीने एक चूल घातलीही. तिच्यावर ठेवलेले पातेले तत्काळ आत अंतर्धान पावले. बिरप्पा वाकून पाहत म्हणाला, "मास्तर, ही चूल न्हाय, विहीर हाय."

एवंच, चूल पेटल्याविना त्या येत नाहीत, आणि त्या आल्याविना चूल होत नाही. असा पेच माझ्या तर्कशास्त्रात प्रथमच आला. तथापि मी निरिच्छ असल्याने आपणांपाशी कसलीही याचना करीत नाही. मुलांस आशीर्वाद, आपणांस पथ्य.

आपला,
शरच्चंद्र

ता. क. — बिरप्पा तडजोडीस आला आहे. म्हणतो, "बाईच्या वितीचं माप तरी आणा, लई झालं." तरी भगिनींच्या वितीएवढी सुतळी कापून टपालाने धाडावी. कारण विचारल्यास बांगड्यांसाठी, असे सांगावे. (मग बांगड्याही घेणे आले. घेईन.)

पुनः ता. क. — सुतळी टपालात आखडते. हे मत बिरप्पाचे नसून माझे आहे. ज्या हाताचे माप, तो हातच मोटारीने आला तर प्रमाद संभवत नाही. शनिवारी मी मोटारतळावर उभा आहे. निरूपण होणार नाही. वानप्रस्थ उत्तम चालल्याचा भाग वगळून हे पत्र त्यांना वाचून दाखवावे. विहिरीचा भाग दोनदा.