कोणी न विचारलेली साक्ष

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आई गेली त्यालाही आता दोन वर्षं होतील, आणि तेव्हापासून या घरात मराठीत बोलणारं कोणी उरलेलं नाही. मुलगी बंगळूरला असते. फोनवर "आई, तू जेवण खाल्ली?" असं विचारते आणि तिचं मराठी तिथेच संपतं, पुढचं सगळं इंग्रजीत. तिचे बाबा वेगळे राहतात, ते तुम्हाला माहीत नाही, आणि आज ते सांगायलाही बसलेली नाही. ऑफिसात हिंदी, बाजारात बंगाली. कधी कधी आठवडाभर माझ्या तोंडून मराठी शब्द निघत नाही. दूध उतू गेलं की तेवढं "अगं बाई" निघतं, आणि आपण कोणाला ऐकवलं असं वाटून मी उगाच मागे बघते. सॉल्ट लेकमधला हा फ्लॅट तुम्ही पाहिला नाहीत. आज रविवार आहे, समोरचे लोक गावाला गेलेत, आणि मला तुमच्याशी त्या दुनळी बंदुकीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही होतात तेवढ्या वर्षांत आपण ते एकदाच बोललो, तेही धड नाही.

पलटणीत तुम्ही बंदुका दुरुस्त करायचात. निवृत्त झाल्यावर जुन्या साहेबांच्या ओळखीनं इथं डलहौसीच्या एका गल्लीतल्या परवानाधारक बंदुकांच्या दुकानात लागलात, आणि साताऱ्याकडचं आपलं कुटुंब भवानीपूरच्या दोन खोल्यांत आलं. शनिवारी शाळा लवकर सुटली की तुमचा डबा घेऊन मी ट्रामनं यायचे. मला ते दुकान आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेलाचा वास, काचेमागे ओळीनं उभ्या बंदुका, आणि काउंटरवर तुम्ही. गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी कागद तपासायचात, मग त्याचा हात. दस्त्याचं टोक त्याच्या कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि बोट चापापर्यंत नीट पोचतं का ते बघायचं. दस्ता लांब वाटला तर अर्धा इंच कापायचा, कानशीनं कडा मारायच्या, जवसाचं तेल चोळायचं. शिंपी बाही बेततो तसं. कापलेल्या अक्रोडाच्या चकत्या घरी यायच्या आणि तुम्ही त्यांचं काही ना काही करायचात.

तो माणूस आला त्या शनिवारी मी आतल्या स्टुलावर बसून तुमच्या डब्यातली भाजी चाखत होते. कॅनिंगच्या बाजूचा, चाळिशीचा, अंगावर चांगली शाल. सकाळच्या गाडीनं सियालदहला उतरून सरळ दुकानात आलेला. त्याच्या भेड्या होत्या, म्हणजे मासे पाळायची मोठाली तळी; त्यांच्या राखणीसाठी परवाना मिळालेला. कागद चोख. तुम्ही त्याचा हात मापलात आणि नेहमीसारखं विचारलंत, "कशासाठी घेताय?" हे विचारणं कायद्यात नव्हतं, तुमची आपली सवय. तो म्हणाला, "भीती वाटते."

"वाघाची?"

"नाही. आपल्याच माणसांची."

तुम्ही हसलात. तुमच्या त्या मोडक्या बंगालीत म्हणालात, "आपल्या माणसांना एवढी मोठी कशाला? त्यांना काठी पुरते." मीही हसले. तो हसला नाही. पुढच्या आठवड्यात दस्ता कापून तयार झाला, तो येऊन बंदूक घेऊन गेला, आणि त्या दस्त्याच्या चकतीची तुम्ही आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला पाचर केलीत.

पावसाळा सरता सरता दुकानात पोलीस आले. दोन तळ्यांमधल्या बांधावरून भावाभावांत बरीच वर्षं धुमसत होतं. त्या माणसानं धाकट्या भावाला जेवत्या पानावरून उठवून अंगणात नेलं आणि दोन्ही नळ्या त्याच्यावर रिकाम्या केल्या. संध्याकाळी तुम्ही घरी येऊन एवढं सांगितलंत आणि बूट न काढताच बसून राहिलात. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमचा काय दोष? परवाना सरकारनं दिला, चौकशी पोलिसांनी केली, दुकान मालकाचं. विळी विकणाऱ्यानं काय प्रत्येकीच्या घरात डोकवायचं? आणि असलाच दोष, तर एवढ्या सगळ्यांत मिळून तुमच्या वाट्याला कितीसा येणार?" तुम्ही एका बुटाची नाडी सोडलीत. मग म्हणालात, "वाटून कमी व्हायला ती भाकरी आहे का? हे जितके जण घेतील तितक्यांना अख्खंच मिळतं." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी दाराला पाचर नव्हती. तिनं ती काढली की तुम्ही, हे मी कधी विचारलं नाही. वारा आला की दार आपटायचं आणि आपण तिघं एकदम दचकायचो.

साक्षीला आलिपूरच्या कोर्टात जायचं होतं तेव्हा आईनं मला तुमच्याबरोबर पाठवलं. अंगावर तुमचा तो एकुलता एक कोट. मालक आधीच येऊन बसला होता. सरकारी वकिलानं बंदूक दाखवली. तुम्ही हात लावण्याआधीच म्हणालात, "हीच. दस्ता मी कापलाय." कागद बरोबर होते? होते. विक्री नियमाप्रमाणे झाली? झाली. "ठीक आहे, जा तुम्ही." आणि तुम्ही जागचे हलला नाहीत.

"साहेब, मला अजून एक सांगायचंय."

ते भीतीचं, आपल्या माणसांचं, सगळं तुम्ही सांगितलंत. काठी पुरते म्हणालो आणि हसलो, हेही. आरोपीचा वकील तटकन उठला. "म्हणजे याच्या मनात काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?" तुम्ही म्हणालात, "ठाऊक नव्हतं. पण ऐकलं होतं." ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. कोणीतरी मागे हसल्याचं आठवतं. मालकाचं तोंड मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

बाहेर व्हरांड्यात एक बाई आपल्यासमोर येऊन उभी राहिली. पांढरी साडी, माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठी असेल. मेलेल्या भावाची बायको. मला वाटलं आता ही ओरडणार. ती इतकंच म्हणाली, "तुम्ही हसलात?"

"हो."

तिनं मान हलवली. रस्ता विचारल्यावर कोणी बरोबर दिशा सांगितली की हलवावी तशी. आणि ती निघून गेली. मालक तिच्या पाठोपाठ आला. "तुला कोणी विचारलं होतं? दुकानाचं नाव घालवलंस." सोमवारपासून तुमचं काउंटर गेलं. मागच्या खोलीत, जिथं दिवसाही दिवा लावावा लागायचा, तिथं दुरुस्तीला बसवलं तुम्हाला. गिऱ्हाइकाच्या हाताला तुमचा हात पुन्हा लागला नाही.

आणि मी काय केलं? बसस्टॉपवर तुम्हाला म्हणाले, "ऐकलं होतं तर विकली कशाला?" सतरा वर्षांची होते. स्टुलावर बसून मीही हसले होते, हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही. एकशेएक नंबरची बस आली नि गेली, दुसरी आली, तेव्हा म्हणालात, "चल." पुढं दोन वर्षं मी तुमच्या दुकानात पाऊल टाकलं नाही. मैत्रिणींना सांगायचे, माझे वडील मशिनरीच्या कंपनीत आहेत. तुम्ही नोकरी सोडावी असं मला वाटायचं, आणि माझ्या शिक्षणासाठी तुम्ही ती सोडत नव्हता, हेही कळायचं. त्यामुळे राग आणखीच यायचा. तुम्ही साक्षीत काय केलंत त्याचा अर्थ मला इतक्या उशिरा लागला की सांगायला तुम्ही नाही.

आता माझं. मी सेक्टर फाइव्हमध्ये एका कंपनीत आहे. ट्रकला लावायची छोटी डबी आम्ही विकतो. गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाइलवर दिसतं. मी गिऱ्हाइकांच्या फोनचा विभाग बघते. अवघड फोन माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात एकाचा फोन आला. अदबीनं बोलणारा, हिंदी चांगलं. डबी स्कूटरला बसेल का? बसेल, म्हटलं. कुठे? सीटखाली, बॅटरीजवळ. तिचा दिवा लुकलुकतो तो बंद होतो का? होतो, कसा करायचा ते मी पायरी पायरीनं सांगितलं. "उसको पता तो नहीं चलेगा?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "जी नहीं, बिलकुल नहीं." शेवटी त्यानं मला दहापैकी दहा गुण दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याची बायको त्याला सोडून बहिणीकडे बारासातला राहायला गेली. स्कूटर तिची, ती बरोबर नेलेली. गल्लीचं नाव तिनं सासरच्या कोणालाच कळू दिलं नव्हतं. तो बरोबर दारात पोचला, लोखंडी गज घेऊन. ती वाचली, अण्णा. जबडा तारांनी बांधलाय, द्रव पदार्थांवर आहे. पोलिसांचं पत्र आलं तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं गेलं होतं, ते तीन महिनेच ठेवतात. म्हणजे त्या फोनमध्ये काय झालं हे आता तो जाणतो आणि मी.

कंपनीचा वकील तरुण आहे, मला दीदी म्हणतो. माझ्यासमोर बसून त्यानं निवेदन तयार केलं. "दीदी, 'उसको' म्हणजे कोणीही. ड्रायव्हर असेल, मुलगा असेल. तो पुरुष की बाई, हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. बरोबर ना?" हिंदीची ही सोय आहे, अण्णा. मराठीत त्याला 'त्याला' किंवा 'तिला' म्हणावंच लागलं असतं. मी म्हटलं, बरोबर. शुक्रवारी सही केली. काउंटर माझंच राहिलं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. घरी येऊन खिचडी टाकली, ती करपेपर्यंत तिच्याकडे बघत उभी राहिले.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिता आलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो पुढं सांगेल. दिवा कसा बंद करायचा हे मी समजावत होते, तेव्हा तो मध्येच म्हणाला होता, "ठीक है मैडम, सुबह जब वो नहाने जाती है, तब लगा दूँगा." जाती है. मी क्षणभर थांबले होते, आणि मग पुढची पायरी सांगितली.